डोळे करणाऱ्या सासूबाई

लग्नाचं विचारायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा टेबलावरच्या ट्रेमधून दहा-पंधरा डोळे माझ्याकडे रोखून बघत होते. काही तपकिरी, काही घारे, एक हिरवट. चहाचा कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी ट्रेवर रुमाल टाकला आणि म्हणाल्या, "घाबरू नका. त्यांना काही दिसत नाही. मला दिसतं."

मी हसलो खरा, पण त्या दिवशी ताठ केलेली पाठ घरी येईपर्यंत सैल झाली नाही.

सासूबाई नकली डोळे करायच्या. लोक काचेचा डोळा म्हणतात, पण तो असतो दातांच्या कवळीसारख्या प्लास्टिकचा. कारखान्यात ठिणगी उडून, अपघातात, आजारात ज्यांचा डोळा गेला अशी माणसं त्यांच्याकडे यायची. घराची रस्त्याकडची खोली हेच त्यांचं दुकान. मोठी खिडकी, खिडकीशी एक खुर्ची, बाजूला पॉलिश करायचं चाक आणि शेगडीवर एक जुना प्रेशर कुकर. त्या कुकरात डोळे शिजायचे. घरात दोन कुकर आहेत, भुकेच्या भरात भलत्याचं झाकण उघडू नकोस, असं बायकोने मला लग्नानंतर लगेच बजावलं होतं.

काम नाजूक. आधी रिकाम्या खोबणीत मऊ लगदा सोडून ठसा घ्यायचा. ठशावरून मेणाचा डोळा, मेणावरून साचा, साच्यात पांढरं प्लास्टिक भरून ते उकडायचं. मग माणसाला खिडकीशी बसवून, त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत बघत दुसऱ्याचं बुबुळ रंगवायचं. पांढऱ्या भागातल्या शिरांसाठी त्या तांबडा रेशमी धागा उकलायच्या आणि त्याचे तंतू एकेक करून चिकटवायच्या. त्या वेळी खोलीत कुणी शिंकायचं नाही असा नियम होता.

त्यांना मात्र बोलायला कसलाच नियम नव्हता. हात चालू तोपर्यंत तोंड चालू, आणि विषय एकच. "मी एवढा खटाटोप करून जो डोळा करते तो दिसतो छान, पण त्याला दिसत नाही," त्या खुर्चीतल्या माणसाला सांगायच्या. "ज्याने खरा डोळा केला त्याने तो धुवायला पाणी दिलं, पुसायला पापणी दिली, आणि सांडपाणी नाकातून काढून द्यायची सोय केली. आणि लोक म्हणतात, हे आपोआप झालं. आपोआप माझा ब्रशसुद्धा धुतला जात नाही."

त्यांची श्रद्धा सरळ होती. देवाने जग सहा दिवसांत घडवलं, जे जे केलं ते चांगलं केलं, आणि माणसाला अगदी जवळ घेऊन स्वतःच्या हातांनी केलं. त्या दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या ओळीत बसायच्या आणि खणखणीत आवाजात गायच्या. माणूस माकडापासून झाला, हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. मी एकदा बोललो. त्या दिवशीच्या माझ्या ताटात कशातच मीठ नव्हतं. ते विसरून राहिलं असेल, असं मी अजूनही धरून चालतो.

मी लिफ्टचा मेकॅनिक. चर्चमध्ये जायचो ते बायकोला सोबत म्हणून. पण सासूबाईंना माझा धंदा आवडायचा. एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्या भुवईखाली नाकाशेजारी बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, इथे एक कप्पी आहे." मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. डोळा फिरवणाऱ्या एका स्नायूची दोरी त्या जागी खरोखरच एका कड्यातून ओवून, वळवून, मागे आणलेली असते. लिफ्टचा दोर कप्पीवरून घेतात तशीच. मी थक्क झालो. इतकी वर्षं कप्प्यांना वंगण घालत होतो आणि माझ्याच कपाळाखाली दोन होत्या. "तुमच्या लिफ्टची कप्पी कुणीतरी बसवली ना?" त्या म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांना तेवढंच उत्तर पुरलं.

त्यांच्याशी वाद घालणारा माणूस एकच, मोठ्या इस्पितळातले डोळ्यांचे डॉक्टर. त्यांचा देवबिवावर विश्वास नव्हता, पण नकली डोळा बसवायचा असला की पेशंटला ते सासूबाईंकडेच पाठवायचे. महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःही यायचे, चहा प्यायचे, वाद घालायचे. त्यांचा ठरलेला मुद्दा असा की डोळ्याच्या पडद्यावरच्या तारा मागून न्यायच्या सोडून पुढून नेल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका राहतो. असा इलेक्ट्रिशियन त्यांनी दुसऱ्या दिवशी कामावरून काढला असता. सासूबाई म्हणायच्या, "त्याच तारांनी तुम्ही माझ्या घरात बिस्किटं शोधून काढता." दोघंही हसायचे. कोण जिंकलं, हे कधी ठरलं नाही आणि ठरवायची घाईही कुणाला नव्हती.

आमची मुलगी झाली तेव्हा सगळं नीट पार पडलं होतं. रडणं जोरात, वजन ठीक, बोटं जागच्या जागी. डोळे मिटलेले होते, पण नर्सबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी काही मुलं डोळे उघडायचा आळस करतात. बायको दमून झोपली होती. मी बाळाला घेऊन खिडकीशी उभा होतो.

सासूबाई आल्या. त्यांनी हात धुतले, पुसले आणि बाळाला माझ्याकडून घेतलं. गाल, कान, केस बघितले. मग अंगठ्याने त्यांनी अगदी हलकेच उजवी पापणी वर केली. आयुष्यभर हेच करत आल्या होत्या, हात आपोआप गेला असेल. मग डावी.

मी त्यांच्याकडेच बघत होतो. चेहऱ्यावरचं रक्त उतरणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. ओठ पांढरे पडले. त्यांनी बाळाला माझ्या हातात परत दिलं आणि बेसिनपाशी जाऊन पुन्हा हात धुवायला लागल्या. साबण लावायच्या, धुवायच्या, परत साबण. मी विचारलं, काय झालं. त्या नळाकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलवा. आपल्या डॉक्टरांना."

पापण्यांच्या आत डोळे नव्हते. मी नंतर पाहिलं. गुलाबी, ओलसर, लहानशी खोबण आणि तिच्या तळाशी मोहरीएवढं काहीतरी. दोन्हीकडे तसंच. डॉक्टर आले, त्यांनी बॅटरी लावून बघितलं आणि बॅटरी बंद करून खिशात ठेवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला कळलं की आता ते जे बोलतील त्यात आशेचा "पण" नसणार.

बायकोला मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तिने बाळाला छातीशी धरलं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बाळंतपणासाठी सासूबाईंकडे आल्यावरही तशीच. घरात तीन मोठी माणसं होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. टिपेला जाऊन रडायची ती फक्त चिंगी. हे नाव मीच ठेवलं होतं, ती पोटात असताना, आणि आता ते बदलायचं कुणाला सुचलं नाही.

एका दुपारी सासूबाई बाळाचे कपडे वाळत घालून आत आल्या. बायको अचानक उठून बसली. आवाज चढवला नाही. साध्या आवाजात म्हणाली, "आई, तू सगळ्यांना सांगतेस ना, पापणीचा एकेक केस त्याने मोजून बसवलाय. मग हिच्या वेळी तो कुठे होता?"

सासूबाईंच्या हातात रिकामी बादली होती. मला वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील. त्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, हे मला माहीत होतं. खुर्चीत बसलेल्या कितीतरी आयांना त्यांनी ते दिलेलं मी ऐकलं होतं. देवाने जग केलं तेव्हा ते निर्दोष होतं, माणूस त्याच्यापासून फिरला तेव्हा ते मोडलं, आणि ती मोडतोड कुणाच्याही वाट्याला येते. पण त्यांनी बादली ठेवली आणि त्या दुकानात जाऊन बसल्या. दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

ते दार बरेच दिवस बंद राहिलं. माणसं यायची, ठोठावायची, परत जायची. चर्चमध्ये त्या जायच्या, पण शेवटच्या ओळीत बसायच्या आणि गायच्या नाहीत. पाळकसाहेब घरी भेटायला आले. भला माणूस. त्यांनी जगाच्या मोडण्याचं तेच सांगायला सुरुवात केली. सासूबाईंनी त्यांना थांबवलं. "पाळकसाहेब, ते मला पाठ आहे आणि ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "आज नुसते बसा." पाळकसाहेब खरोखरच नुसते बसले. हात गुडघ्यांवर ठेवून, तासभर. जाताना त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांच्याबद्दल माझं मत त्या दिवशी कायमचं चांगलं झालं.

मग डॉक्टरांनी चिंगीचा एमआरआय करून घेतला आणि आम्हाला बोलावलं. बायको आली नाही. मी आणि सासूबाई गेलो. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं. मला त्यात फक्त राखाडी ढग दिसत होते. सासूबाई मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि त्यांनी विचारलं, स्नायू आहेत का.

"आहेत," डॉक्टर म्हणाले. "सहाही. जागच्या जागी."

"कप्पी?"

"तीसुद्धा."

सासूबाई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासाची वाफ काचेवर धरली. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवत नेलं. ही दोरी, हे कडं, इथून वळून ती मागे आली आहे. सगळ्या दोऱ्या येऊन त्या मोहरीच्या दाण्याला बांधल्या होत्या.

"मग डोळा का नाही?"

"माहीत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "फार लवकर काहीतरी थांबलं. पोटात बाळ आहे हे आईला कळायच्या आसपासच. का थांबलं, ते आम्हाला सांगता येत नाही."

मग सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आज तुम्ही काही बोलला नाहीत. तारा उलट्या लावल्यात म्हणून. बोला ना. आज तुमचा दिवस आहे."

"आज नाही, बाई," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

जिना उतरताना सासूबाई मध्येच थांबल्या. कठडा घट्ट धरून मला म्हणाल्या, सगळं आणून ठेवलं होतं, जावईबापू. दोऱ्या ताणून, गाठी मारून, येणाऱ्याची वाट बघत असल्यासारखं. मला माझ्या कामावरची एक गोष्ट आठवली, पण मी बोललो नाही. कधी कधी नव्या इमारतीत लिफ्टचा बोगदा तयार असतो. कप्प्या बसलेल्या, दोर सोडलेले, वर मोटर जोडलेली, आणि माणसं न्यायचा खोका येतच नाही. तो बोगदा बघून कुणी म्हणणार नाही की इथे लिफ्ट करायचं कुणाच्या मनातच नव्हतं. पण ज्या म्हाताऱ्याला सातव्या मजल्यावर जायचं आहे, त्याला त्याचं काय?

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि तिने सासूबाईंना पुन्हा कामाला लावलं. बाळाच्या चेहऱ्याची हाडं आतल्या डोळ्याच्या मापाने वाढतात. डोळा नसेल तर खोबण मोठी होत नाही, कपाळ आणि गाल आक्रसून राहतात. म्हणून आत काहीतरी बसवावं लागतं, आधी इवलंसं, मग जरा मोठं, मग आणखी मोठं. म्हणजे हाडांना वाटत राहतं की डोळा वाढतो आहे. आमच्या भागात हे काम करणारं माणूस एकच होतं.

बायकोने कसाबसा होकार दिला. सासूबाईंनी दुकान उघडलं, खुर्ची पुसली. ठसा घ्यायला त्यांनी लगदा कालवला, पण पहिला फुकट गेला, दुसरा फुकट गेला. मी चिंगीचं डोकं धरलं होतं. बायको दारात, येईना आणि जाईना. तिसऱ्या वेळी लगदा आत गेला आणि चिंगीने जो टाहो फोडला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. लगदा निघाला. आणि तिच्या मिटलेल्या पापण्यांच्या फटीतून पाणी आलं.

आधी मला वाटलं, लगद्याचं पाणी. पण ते येतच राहिलं, गालावरून ओघळून कानात गेलं. सासूबाई हातात ठसा धरून जागच्या जागी थिजल्या. नवी बाळं नुसती रडतात, त्यांना आसवं येत नाहीत. येऊ लागतात ती काही आठवड्यांनी. चिंगीला ती येतील असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. बघायला डोळा नाही, आणि रडायला आसवं मात्र होती. बायको आत आली, चिंगीला उचललं आणि पदराने तिचा गाल टिपला. टिपल्यावर तो ओला पदर तिने आईपुढे धरला. ते दाखवणं होतं की जाब विचारणं, मला अजून सांगता येत नाही.

खोबणीत बसवायची पहिली टिकली झाली मटारच्या दाण्याएवढी. पारदर्शक. मग पुढची, मग पुढची. दर काही आठवड्यांनी आम्ही त्या खुर्चीत. चेहरा भरत गेला, पापण्या उघडायला लागल्या. लोकांना बघायला जरा विचित्र वाटायचं, उघड्या पापण्यांमागे स्वच्छ बिनरंगाची वाटी. पण आमच्या डोळ्यांना सवय झाली. दुकानात इतर माणसंही परत यायला लागली. फक्त सासूबाई आता काम करताना बोलत नव्हत्या. खुर्चीतली जुनी माणसं बिचकून विचारायची, बाईंची तब्येत बरी आहे ना.

चिंगी चालायला लागली त्या सुमाराला एकदा सासूबाईंनी आम्हाला सकाळीच बोलावलं. चिंगी आदल्या दिवसापासून त्यांच्याकडेच होती. आम्ही आत शिरलो. चपला काढताना बायकोने चिंगीला हाक मारली. चिंगी सासूबाईंच्या मांडीवर होती, तिने आवाजाच्या दिशेने मान फिरवली.

आणि तिने आमच्याकडे बघितलं.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. तपकिरी डोळे, कडेला किंचित काळपट, उजव्यात वरच्या बाजूला मधाच्या रंगाचा लहानसा ठिपका. हे डोळे मी ओळखत होतो. मी रोज सकाळी उठून ते बघत होतो. ते माझ्या बायकोचे डोळे होते. शिवाय त्या आतल्या दोऱ्या काम करत होत्या. मान वळली तसे डोळेही थोडेसे वळले.

बायको भिंतीला टेकली. तिचा हात तोंडावर गेला. मग ती म्हणाली, "काढ ते."

सासूबाईंना वाटलं, काही टोचतंय का. त्या चिंगीचा चेहरा बघायला लागल्या.

"काढ, आई. ती माझ्याकडे बघत नाहीये. मला वाटलं की बघतेय. एक क्षणभर मला खरंच वाटलं..." खाली बसली ती, फरशीवर, चपलांच्या शेजारी.

सासूबाईंनी ते डोळे काढले, धुतले, डबीत ठेवले आणि पारदर्शक वाट्या परत बसवल्या. हे सगळं त्यांनी इतक्या हळू केलं की जणू हात त्यांचे नव्हतेच. मी निघताना त्या दारापर्यंत आल्या. "इतकी वर्षं लोक आरशात बघून रडायचे," त्या मला म्हणाल्या. "मला वाटायचं, सगळे आनंदाने रडतात."

त्यानंतर मायलेकींमध्ये कामापुरतं बोलणं राहिलं. भांडण नव्हतं. औषधाच्या वेळा, टिकलीचं माप, जेवलीस का, हो जेवले. मला मात्र त्या घरात पाऊल टाकलं की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखं वाटायचं. आत उजेड आहे, माणसं आहेत, पडायची भीती नाही, आणि दार काही उघडत नाही.

ते उघडलं चिंगीने. बालवाडीत जायला लागल्यावर एक दिवस ती घरी आली आणि आईला म्हणाली की वर्गातली एक मुलगी सांगते, चिंगीच्या डोळ्यांत नुसती काच आहे. बाकीच्यांच्या डोळ्यांत काय असतं? बायको भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. मी दुसऱ्या खोलीतून ऐकत होतो. बायकोने सांगितलं की रंग असतो. रंग म्हणजे काय, हे चिंगीला ठाऊक नव्हतं, पण लोकांना तो हवा असतो एवढं तिला कळलेलं होतं. तिने विचारलं, "तुझा कसा आहे?"

"तपकिरी."

"मला तोच पाहिजे," चिंगी म्हणाली, दुकानात फ्रॉक मागावा तसं.

बायको त्याच संध्याकाळी आईकडे गेली. एकटी. त्यांचं काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नव्या मापाचे डोळे करायला घेतले तेव्हा खिडकीशी खुर्चीत बायको बसली होती, आणि सासूबाई तिच्या डोळ्यांत बघत ब्रश चालवत होत्या. दोघींची तोंडं वीतभर अंतरावर. इतक्या वर्षांत त्या दोघींनी एकमेकींकडे इतका वेळ बघितलं नसेल. चिंगी पायाशी बसून रिकाम्या डब्या वाजवत होती. कुणी कुणाला गप्प बस म्हटलं नाही.

चिंगी आता शाळेत जाते. बोटांनी वाचते, माझ्यापेक्षा भरभर. स्वतःचे डोळे स्वतः काढून धुते. एकदा पाहुण्यांसमोर जेवणाच्या टेबलावरच धुवायला काढले, तेव्हा आमच्या आत्याबाईंच्या घशात घास अडकला होता. चिंगीला वाटलं, त्या आजारी आहेत. तिने पाणी नेऊन दिलं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुकानामागच्या मोकळ्या जागेत आम्ही सगळे बसलो होतो. चिंगीच्या हाताला जमिनीवर एक पीस लागलं. कावळ्याचं असेल. तिने ते दांड्यापासून टोकापर्यंत चाचपलं, मग उलटं. उलटं फिरवल्यावर ते फाटलं, मध्ये फट पडली. तिचा चेहरा पडला. तिने ते घाईने बोटांच्या चिमटीत धरून सरळ केलं, आणि फट मिटली. तिने परत फाडलं, परत चिमटीत ओढलं. परत मिटली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"आजी, हे परत जोडलं जातं," ती म्हणाली. "मी तोडलं तरी परत जोडलं जातं. शिवायला लागत नाही."

सासूबाईंनी ते पीस हातात घेतलं. डोळ्यांबद्दल त्या आयुष्यभर बोलल्या, पण पिसाचं त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांनी ते तोडलं, जोडलं. पुन्हा केलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच वर्षांत न बघितलेलं काहीतरी आलं. त्यांनी पीस उजेडात धरलं, तशी त्याची बारीक बारीक तुसं एकमेकांत अडकलेली मलाही दिसली, जॅकेटच्या चेनसारखी.

"कुणी केलं हे?" चिंगीने विचारलं.

हाच प्रश्न. पूर्वी कुणी न विचारताही ज्याचं उत्तर त्या द्यायच्या. सासूबाईंचे ओठ हलले, आणि त्या थांबल्या. त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं. परवानगी मागावी तसं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने स्वतःच्या लेकीकडे असं बघावं, हे बघून मला कसंसंच झालं. मला उठून जावंसं वाटलं.

बायको गवताची काडी मोडत होती. तिने मान वर केली नाही.

"सांग ना, आई," ती म्हणाली. "विचारतेय ती."

सासूबाईंनी चिंगीचा हात ओढून घेतला आणि पीस तिच्या तळव्यावर ठेवलं. मग त्या सांगायला लागल्या, पाचव्या दिवसापासून, पाखरं झाली त्या दिवसापासून. मी माझ्या परीने अजून काही ठरवलेलं नाही. पण मी उठलो नाही, ऐकत बसलो. चिंगी मध्येच म्हणाली, थांब, आधी मला आणखी एक शोधून दे, हे माझ्याकडून खूपदा तोडून झालं. मग आम्ही तिघंही ओणवे होऊन गवतात पिसं शोधायला लागलो.